नावाला लागलेले ‘नाक’

हमरापूरच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी कोणाला बोलायला सवड नसते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पेण तालुक्यातल्या गावांमध्ये घरोघर गणपतीचे कारखाने आहेत आणि त्या दिवसांत रात्रपाळी चालू असते. अशाच एका रात्रपाळीनंतर, डोळ्यांच्या आखणीचे काम करणारा एक तरुण कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. मुलगा पदवीधर आहे, पुढे शिकायचे आहे, आणि त्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे आहे. पणजोबांच्या नावाची जुन्या कोतवाल बुकातली नक्कल त्याने मोठ्या खटपटीने मिळवली होती. नोंद मोडीत होती. लिप्यंतर करणाऱ्याने पणजोबांच्या नावाचे शेपूट ‘नाईक’ असे वाचले होते. कुटुंबाने दिलेल्या वंशावळीत मात्र, आजीच्या तोंडून ऐकलेले म्हणून, ‘नाक’ असे लिहिले होते. कार्यालयाने विचारले, या दोन व्यक्ती एकच कशावरून?

मुलाने मला दुसराच प्रश्न विचारला. “सर, हे नाक म्हणजे काय?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्या लहानपणी एका शिक्षकांनी हजेरी घेताना माझ्या आजोबांचे पूर्ण नाव मुद्दाम उच्चारून, ‘तुमच्याकडे नावालाही नाक असते, तोंडाला मात्र नसते’ असा विनोद केला होता. वर्ग हसला. मीही हसलो, कारण काय करावे ते कळले नव्हते. घरी विचारले तेव्हा आजी एवढेच म्हणाली, की ते मानाचे आहे, तुझ्या मास्तरला काय ठाऊक. दोन्ही म्हणणी खरी कशी असू शकतात, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

ज्या शब्दाने आपण श्वास घेतो त्या इंद्रियाचा निर्देश करतो, त्याचा या ‘नाक’शी काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकावे. तो प्राकृतातल्या ‘णक्क’वरून आलेला वेगळा शब्द आहे. महार गावाच्या वेशीवर, नाक्यावर राखण करीत म्हणून ‘नाक’, अशीही एक व्युत्पत्ती लोक सांगतात. ती ऐकायला सोयीची आहे, पण भाषेच्या वाटेने पाहता तिला आधार नाही. गावात माणूस ज्या कामाला जुंपला, तेच त्याच्या नावाचे मूळ मानायचे, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. ती आपणही नकळत उचलतो.

विचारात घेण्यासारख्या व्युत्पत्ती दोन आहेत. एक ‘नायक’ची आणि दुसरी ‘नाग’ची.

‘नायक’ म्हणजे पुढारी, तुकडीचा प्रमुख. संस्कृत ‘नायक’पासून मराठीत सरळ मार्गाने ‘नाईक’ आला. मग त्याच शब्दापासून ‘नाक’ही आला असे कसे म्हणायचे? याचे उत्तर असे की नावाच्या शेवटी चिकटणारा शब्द स्वतंत्र शब्दापेक्षा अधिक झिजतो. ‘पंडित’ हा शब्द मराठीत अखंड आहे, पण नावामागे लागला की त्याचा ‘पंत’ झाला. ‘श्रेष्ठी’चा ‘शेट’ झाला. नावावर जोर पडतो, शेपटावर पडत नाही आणि दोन अक्षरांच्या मधला दुबळा स्वर गळून जातो. तेव्हा ‘रामनायक’चा ‘रामनाक’ होणे अशक्य नाही. ‘नाईक’ आणि ‘नाक’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदू शकतात, जसे ‘पंडित’ आणि ‘पंत’ नांदतात.

याचा पुरावा दगडावर आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्मरणार्थ १८२१ मध्ये कंपनी सरकारने जयस्तंभाचा पाया घातला. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ने संपणारी आहेत. अंबनाक काननाक, भागनाक हरनाक, गणनाक बाळनाक, अशी ही नावे. मुलाचे नाव आणि बापाचे नाव, दोन्हींना ‘नाक’. रोमन लिपीतून परत मराठीत आणताना उच्चार थोडा इकडचा तिकडे होतो, पण शेवटचा प्रत्यय चुकत नाही. त्यांतच एक सोमनाक कमलनाक नाईक आहे. इथे ‘नाईक’ हा पलटणीतला हुद्दा आहे आणि ‘नाक’ हा नावाचा भाग आहे. म्हणजे मूळ एक मानले तरी १८१८ पर्यंत हे दोन शब्द इतके दूर गेले होते की एकाच माणसाच्या नावात दोन्ही आले तरी कोणाला द्विरुक्ती वाटत नव्हती. आमच्या तरुणाच्या कागदावर ‘नाक’चे ‘नाईक’ करणाऱ्या लिप्यंतरकाराने या दगडाकडे एकदा पाहायला हवे होते.

दुसरी व्युत्पत्ती ‘नाग’ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नागलोकांच्या इतिहासाचा मागोवा घेतला. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी ते शहर का निवडले हे सांगताना नागलोकांनी केलेल्या बौद्ध धर्माच्या प्रसाराचा उल्लेख केला. तेव्हापासून ‘नाक म्हणजे नाग’ हे समीकरण आपल्या सभांमधून आणि स्मरणिकांमधून पक्के झाले. मनाला ते भावते. पण मनाला भावले म्हणून ते तपासायचे नाही, असे करून चालणार नाही. उलट जे आपल्याला भावते ते अधिक कसून तपासले पाहिजे.

अडचण ध्वनींची आहे. मराठीकडे येताना ‘क’चा ‘ग’ होतो, ‘मकर’चा ‘मगर’ होतो. ‘ग’चा ‘क’ होण्याची वाट जवळजवळ नाही. चूलिका पैशाची नावाच्या प्राकृतात ‘नगर’चे ‘नकर’ होते असे हेमचंद्राच्या व्याकरणात सांगितले आहे खरे. पण ती आपल्या मराठीची आई नव्हे. आपल्याकडचे उदाहरण उलट दिशेचे आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीची जी नाममुद्रा आहे, ती आपण ‘नागनिका’ म्हणून ओळखतो. दगडावर मात्र ‘नायनिका’ असे रूप आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात ‘नाग’चा ‘नाय’ होत होता. ‘ग’ घट्ट होऊन ‘क’ होत नव्हता, तो विरघळून ‘य’ होत होता. यातून एक मजेशीर गोष्ट निघते. ‘नाग’ झिजला की ‘नाय’ आणि ‘नायक’ झिजायला लागला की तोही ‘नाय’पाशीच. दोन शब्द एका उंबरठ्यावर आले, तर लोकांच्या कानात ते एकमेकांत मिसळले असतील. पण ‘नाक’मधला ‘क’ कुठून आला असे विचारले, तर तो ‘नायक’मध्ये आधीच आहे, ‘नाग’मध्ये नाही. म्हणून माझा कौल ‘नायक’कडे आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. खंडाळ्याच्या घाटावर चढून गेले की कार्ल्याचे चैत्यगृह लागते. त्याच्या दाराशी जो सिंहस्तंभ आहे, तो एका महारठीने दान दिल्याचा लेख त्यावर आहे. त्याचे नाव अगिमितणक, म्हणजे अग्निमित्रणक. ‘महारठी’ आणि नावाशेवटी ‘णक’! हे वाचून आमच्यातल्या एका अभ्यासू मित्राने उडीच मारली होती. पण ‘महारठी’ हे त्या काळचे अधिकारपद होते आणि ‘णक’ हा लाडाचा किंवा आदराचा प्रत्यय असू शकतो. त्या स्तंभापासून कोरेगावच्या स्तंभापर्यंत मध्ये सतराशे वर्षांहून मोठी दरी आहे आणि तिच्यावर पूल बांधायला आपल्या हाती दगड नाहीत. एवढे मात्र म्हणता येते की या मुलखात नावाला असे शेपूट जोडण्याची रीत फार जुनी आहे आणि ती सुरुवातीला खालच्यांची खूण नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, तळा तालुक्यातल्या कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. तो व्यापारी स्वतःला कऱ्हाडचा म्हणवतो. आजच्या भाषेत कऱ्हाडकर. तिथे माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा आहे, गाव आहे. पण त्यावरून त्याने लेण्यात पाऊल ठेवायचे की नाही हे ठरलेले दिसत नाही.

मूळ कोणतेही असो. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात जेवढा असतो, त्याहून अधिक तो वापरात असतो. जुन्या गावगाड्यात प्रत्येकाच्या नावाला शेपूट होते. ब्राह्मणाला पंत आणि भट, सोनाराला आणि वाण्याला शेट, मराठ्याला राव आणि जी, महाराला नाक. ही सगळी आदराची शेपटे. पण ती कोण लावतो यावर सगळे अवलंबून होते. सोनाराला सारे गाव शेट म्हणे. महाराला ‘नाक’ लावून हाक मारणारा बहुधा महारच असे. महारवाड्यात जो येसनाक, तो चावडीवर येश्या. एकाच माणसाची दोन नावे आणि मध्ये वेस. मात्र कागद करायची वेळ आली की चावडीवरचा लेखणीवाला तेच ‘नाक’ आठवणीने लिही, कारण पुढे ‘महार’ असे लिहिले नाही तरी जात कळावी. ‘अमुकनाक वल्द तमुकनाक’ एवढे म्हटले की काम भागले. महारवाड्यात मान, कागदावर डाग. माझी आजी आणि तो शिक्षक यांच्या म्हणण्यात जो मेळ बसत नव्हता, तो इथे बसतो. बायकांना तर हेही शेपूट नव्हते. त्यांच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव, आणि त्या नवऱ्याला नाक.

ज्यांनी ‘नाक’ अभिमानाने मिरवले अशांच्या कथा आपल्याकडे आहेत. बेदरच्या बादशहाकडून बावन्न हक्कांची सनद मिळवणारा अमृतनाक लोककथेत आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतला शिदनाक आहे. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंजवळ नको म्हणून तक्रार झाली, अशी हकीकत सांगतात. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर आहेत. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. त्यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. या एका नावात बदलाचा सगळा प्रवास थांबून उभा राहिल्यासारखा दिसतो. मागे ‘नाक’ आहे आणि पुढे गावावरून घेतलेले ‘कर’ आहे. पुढल्या पिढीत ‘नाक’ गळते आणि ‘कर’ उरते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत एका मुलाचे नाव चढले, भिवा रामजी आंबेडकर. त्यात ‘नाक’ कुठेच नाही.

कोकणात ‘कर’ कोणीही लावतो, म्हणून ते सुरक्षित वाटले. पण ‘कर’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतो, मूळचे कोणत्या वाडीतले? वाचकांपैकी अनेकांनी तो ऐकला असेल.

इथे थोडे दूर, जपानात जावे लागेल. तिथे बुराकू म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत. मेलेली गुरे ओढणे, कातडे कमावणे अशी कामे पूर्वी त्यांच्यावर लादलेली होती आणि धर्म, वंश, भाषा या सगळ्यांत ते इतर जपान्यांसारखेच आहेत. १८७१ साली सरकारने त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला. लगेच १८७२ मध्ये देशभर कुटुंबनोंदणी झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांच्या नावापुढे ‘नवे सामान्यजन’ असे लिहिले गेले. म्हणजे कालपर्यंतचे कोण होते ते उद्यालाही कळावे! ती दप्तरे पुढे लग्न आणि नोकरी ठरवताना लोक चाळू लागले. शेवटी १९६८ मध्ये ती सर्वांसाठी बंद करण्यात आली. तरी १९७५ मध्ये असे उघडकीस आले, की बुराकू वस्त्यांच्या गावनावांच्या याद्या गुपचूप छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नाव लपले तर गाव शोधायचे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याहून बोचरी आहे. जपानी बौद्ध प्रथेत मेलेल्या माणसाला भिक्षू एक धर्मनाम देतो आणि ते थडग्याच्या दगडावर कोरले जाते. हे नाव चिनी चित्राक्षरांत असते. त्या लिपीत अक्षर म्हणजे नुसता ध्वनी नव्हे, अक्षर म्हणजे अर्थ. आणि नावासाठी कोणते अक्षर निवडले यावर माणसाचा मान ठरतो. बुराकू लोकांच्या थडग्यांवर ‘हीन’, ‘दास’, ‘कातडे’ अशा अर्थांची अक्षरे सापडली. ‘पशू’ या अर्थाचेही एक अक्षर सापडले. त्या अक्षराची घडण अशी, की वर ‘काळोख’ या अर्थाचे चिन्ह आणि खाली ‘शेत’ या अर्थाचे. दोन्ही एकावर एक रचली की ‘पाळलेले जनावर’ होते. काही ठिकाणी हे अक्षर उघड न लिहिता फोडून लिहिले होते. काळोख, शेत, बैल, एक अशी चार निरुपद्रवी अक्षरे ओळीने. ज्याला ठाऊक आहे तो पहिली दोन जोडतो, ‘पशू’ होते; पुढली दोन जोडतो, ‘जीव’ होते. एकत्र वाचले की ‘चिकुशो’, म्हणजे आपल्या पाली-संस्कृत परंपरेतली तिर्यक् योनी. घरच्यांना वाटत असेल, भंतेंनी छान नाव दिले.

हे बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या विहारांत झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकू मुक्ती चळवळीने त्याला जाब विचारला. थडगी आणि विहारांची मृतांची नोंदपुस्तके तपासली जाऊ लागली. १९८४ मध्ये नैरोबीच्या परिषदेत त्याच पदाधिकाऱ्याने आपले विधान मागे घेतले. त्यानंतर नावे बदलून दगड नव्याने कोरण्याचे काम सुरू झाले. धर्म बदलला म्हणजे अक्षरांतली जात आपोआप पुसली जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी या थडग्यांची माहिती घ्यावी. आपला धम्म नवा आहे आणि आपण तो जाणून घेतला, ही जमेची बाजू. पण दप्तर लिहिणारा हात जुनाच असतो.

आपल्याकडे १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी धर्मांतराच्या विचारातच नावाच्या बदलाचाही विचार मांडला होता. १९५६ नंतर तो घराघरांत उतरला. धोंड्या, कचऱ्या, दगडू ही नावे मागे पडली आणि गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा आली. मिलिंद हा तर ग्रीक राजा, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा. त्याच्या नावाचे महाविद्यालय औरंगाबादला उभे राहिले आणि त्या परिसराचे नाव नागसेनवन झाले. ‘नाक’ नावाशेवटून गेले आणि ‘नाग’ नावाच्या सुरुवातीला येऊन बसला. व्युत्पत्ती म्हणून मला ‘नाग’ पटत नाही, पण हा बदल मला पटतो. तिथे कोणी इतिहासाचा दाखला देत नव्हते, आपल्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारायची हे स्वतः ठरवत होते.

जपानने जुनी दप्तरे बंद केली. आपल्याला ती उघडावी लागतात. राखीव जागेचा हक्क मागायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो कुठे सापडणार? ज्या कोतवाल बुकात चावडीवरच्या लेखणीने जात ओळखू यावी म्हणून ‘नाक’ लिहून ठेवले, त्यातच. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. त्या वतनाच्या काळात लिहिलेली पाने मात्र नातवंडा-पतवंडांना तहसील कचेरीत शोधावी लागतात. आजोबांनी जे शेपूट लाजेने कापले, तेच नातू पुरावा म्हणून विकतची नक्कल काढून आणतो. यात कोणाचा दोष, असे मला पुष्कळ जण विचारतात. दोष आजोबांचा नाही, एवढे मी सांगू शकतो.

त्या मुलाचे काम तसे सोपे होते. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सलग धावत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. तरी ‘नाईक’मध्ये मधे एक स्वराचे अक्षर जास्त लागते. भिंगाखाली आम्ही ती ओळ पाहिली. मधे काहीच नव्हते. त्याच पानावर त्याच वस्तीतली आणखी चार नावे होती आणि चारही ‘नाक’ने संपत होती. मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या गृहस्थांकडून नवे लिप्यंतर करून घेतले, पाचही नोंदी त्यात घातल्या आणि हा प्रत्यय कोणाच्या नावाला लागतो याचे एक पानभर टिपण जोडले.

वंशावळीचा तक्ता त्याने माझ्यासमोरच पुन्हा लिहून काढला. सगळ्यात खाली स्वतःचे नाव आणि ‘कर’ने संपणारे आडनाव. त्यावर वडील, तसेच. त्यावर आजोबा, इथे ‘नाक’ लिहावे की नाही म्हणून तो थांबला, कारण शाळेच्या दाखल्यात ते नव्हते, मग तसेच ठेवले. त्यावर पणजोबा आणि त्यांचे वडील. रंगाचे डाग पडलेल्या बोटांनी त्याने ती दोन नावे ‘नाक’सकट लिहिली, कागद वाळू दिला आणि सात वाजताच्या पाळीला निघून गेला.